घाम, नाडी आणि बाहुली : स्वायत्त मज्जासंस्थेवरील औषधे व परिचारिकेची नजर

डॉक्टर औषध लिहून देतो आणि परिचारिका ते रुग्णाला देते, अशी कामाची वाटणी आपण सर्वसाधारणपणे धरून चालतो. पुष्कळ औषधांच्या बाबतीत ती पुरेशीही असते. क्षयावरची किंवा लोहाची गोळी दिली, तर तिचा गुण दिसावयास आठवडे जावे लागतात. परिचारिकेने ती वेळेवर दिली आणि वहीत टिपली की तिचे काम बहुतेक झाले. परंतु औषधांचा एक वर्ग असा आहे की त्याचा परिणाम मिनिटांच्या हिशेबाने होतो, तो रुग्णाच्या अंगावर उघड दिसतो, आणि पुढचा डोस द्यावयाचा की थांबावयाचे हे त्या दिसण्यावरूनच ठरते. डॉक्टर त्या वेळी दुसऱ्या खाटेपाशी असतो, किंवा खेड्यातल्या दवाखान्यात तो अजून पोहोचलेलाच नसतो. खाटेपाशी असते ती परिचारिका. हा वर्ग म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेवर काम करणारी औषधे. त्यांच्याविषयी येथे चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

विषयाचे नाव जड असले तरी वस्तू रोजच्या ओळखीची आहे. वेदान्त्यांचा तो प्रसिद्ध रज्जुसर्प घ्या. अंधारात पायाशी साप आहे असे वाटताच छाती धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार होतात, अंगावर काटा येतो. ती दोरी होती असे कळल्यावरही छातीची धडधड लगेच थांबत नाही. उलट, जेवून पडवीत अंग टाकले की नाडी संथ होते, तोंडात लाळ सुटते, आतडी आपल्या कामाला लागतात. यांतली एकही गोष्ट आपण ठरवून केलेली नसते. आपल्या इच्छेवाचून हा कारभार पाहणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला जॉन लँग्ले या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८९८ साली जे नाव दिले, त्याचेच मराठी रूप म्हणजे स्वायत्त मज्जासंस्था.

तिचे मुख्य भाग दोन. संकटाच्या वेळी शरीराला सज्ज करणारा तो अनुकंपी, आणि शांततेच्या वेळी घर सावरणारा तो परानुकंपी. (अनुकंपी या शब्दाचा दयेशी येथे काही संबंध नाही, तरी परीक्षेच्या वेळी विद्यार्थिनींची गफलत या नावांमुळेच होते.) बैलगाडीचे दोन कासरे गाडीवानाच्या हाती असावेत तसे हे दोन भाग आहेत. एक ओढला तर गाडी एका अंगाला वळते. पण दुसरा तुटला तरीही ती त्याच अंगाला वळते. औषधांचे बरेचसे शास्त्र या एका गोष्टीत आहे. हृदयाचा वेग वाढवावयाचा असेल तर अनुकंपी तंतूंचे काम करणारे औषध देता येते, किंवा परानुकंपी तंतूंची आज्ञा हृदयापर्यंत पोहोचू न देणारेही देता येते. नाडी दोन्हींनी वाढते. बाकीच्या शरीरात मात्र दोहोंचे परिणाम अगदी निराळे होतात.

ही आज्ञा तंतूच्या टोकापासून अवयवापर्यंत पोहोचते कशी, हा प्रश्न पुष्कळ वर्षे अडून होता. १९२१ साली ऑटो लोवी यांनी ग्राझ येथे बेडकाच्या दोन हृदयांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका हृदयाचा परानुकंपी तंतू चेतविला, तेव्हा ते मंद झाले. मग त्याच्या भोवतीचे द्रावण काढून दुसऱ्या हृदयावर घातले. त्या दुसऱ्याचा कोणताही तंतू चेतविलेला नव्हता, तरी तेही मंद झाले. म्हणजे आज्ञा पोहोचविणारा एक रासायनिक जासूद होता. या प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत सुचली, रात्री कागदावर खरडून ठेवली, सकाळी आपले अक्षर आपल्यालाच लागेना, आणि दुसऱ्या रात्री ती पुन्हा सुचताच आपण उठून थेट प्रयोगशाळेत गेलो, अशी हकीकत लोवी यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. १९३६ साली हेन्री डेल यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परानुकंपी बाजूचा तो जासूद म्हणजे ॲसिटिलकोलीन. अनुकंपी बाजूचा मुख्यतः नॉरॲड्रेनलीन.

मुख्यतः म्हटले, कारण येथे एक अपवाद आहे आणि खाटेपाशी तोच सर्वांत उपयोगी पडतो. घामाच्या ग्रंथींना जाणारे तंतू अनुकंपी असले तरी त्यांचा जासूद ॲसिटिलकोलीन हा आहे. घर एका पक्षाचे आणि भाषा दुसऱ्याची, असा हा प्रकार.

याचा उपयोग पहा. मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदम उतरली की त्याची छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो. त्याच रुग्णाला रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध चालू असेल, तर धडधड आणि कंप झाकले जातात, कारण तेथली ॲड्रेनलीनची आज्ञा औषधाने अडविलेली असते. घाम मात्र फुटतोच, कारण त्याचा मार्ग निराळा. अशा रुग्णाचा सदरा पहाटे अकारण भिजलेला दिसला, तर पंखा मोठा करण्याआधी त्याची साखर तपासावी.

अवयवापाशी आज्ञा घेणारी जी ग्रहणस्थाने असतात, त्यांचे आल्फा आणि बीटा असे दोन वर्ग रेमंड ॲलक्विस्ट यांनी १९४८ साली मांडले. आल्फा स्थाने मुख्यतः रक्तवाहिन्यांवर असतात. ती चेतली की वाहिन्या आवळतात. बीटांपैकी पहिल्या प्रकारची हृदयावर, दुसऱ्या प्रकारची श्वासनलिकांवर. हृदय एक म्हणून बीटा एक, फुप्फुसे दोन म्हणून बीटा दोन, अशी खूण परिचारिकांच्या वर्गात पाठ करून घेतात, आणि ती वाईट नाही. काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकलेल्या टिमोलॉलच्या थेंबाने दमेकऱ्याला धाप का लागते, हे तिच्यावरून उलगडते. थेंब डोळ्यांतला खरा, पण तो नाकावाटे रक्तात उतरतो आणि श्वासनलिकांवरची बीटा स्थाने अडवितो. म्हणून थेंब टाकल्यावर डोळ्याचा आतला कोपरा बोटाने काही वेळ दाबून धरावा, आणि त्याआधी दम्याची विचारपूस करावी. असो. वॉर्डातल्या अशा गोष्टी पुष्कळ सांगता येतील. परंतु या औषधांची खरी कसोटी आपल्या महाराष्ट्रात दोन ठिकाणी लागते, कोकणातल्या विंचवापाशी आणि कापसाच्या शेतातल्या फवारणीपाशी. उरलेला वेळ त्यांनाच दिला पाहिजे.

कोकणातला लाल विंचू आकाराने लहान, पण घाटावरच्या मोठ्या काळ्या विंचवाहून कितीतरी घातक. त्याच्या विषामुळे मज्जातंतूंमधील सोडियमची दारे उघडीच राहतात आणि तंतूंच्या टोकांतून जासुदांचा लोंढा सुटतो. पहिल्या तासाभरात उलट्या, भरपूर घाम, लाळ, मुलग्यांमध्ये शिश्नाची ताठरता ही लक्षणे दिसतात. नाडी मंदही असू शकते. मग अनुकंपी बाजूचे वादळ उठते. हातपाय बर्फासारखे गार पडतात, नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध झगडून हृदय थकले की फुप्फुसांत पाणी साठते, आणि मूल गुलाबी फेस खोकत गुदमरते. १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या फुप्फुसातल्या पाण्याची नोंद झाली होती. पण नोंद होणे आणि उपाय सापडणे यांत दोन तपांचे अंतर पडले.

ते अंतर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तोडले. विंचू चावलेल्या रुग्णांपाशी रात्र रात्र बसून त्यांनी आधी पूर्वलक्षणे टिपली, ती १९८२ साली लॅन्सेटमध्ये आली. आणि १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिनचा उपाय प्रसिद्ध झाला. प्राझोसिन हे मूळ रक्तदाबाचे औषध. ते आल्फा स्थाने अडविते, म्हणजे ज्या कड्या विष आवळीत असते त्याच ते सोडविते. त्यापूर्वी गंभीर रुग्णांत शंभरांतले पंचवीस-तीस दगावत; प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले, असा बावस्करांचा हिशेब आहे. पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविषही उपलब्ध झाले. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांपैकी ८ झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला स्वतःला त्या पुरस्काराहून अधिक मोलाचे वाटते ते हे, की या शोधाचे मुख्य उपकरण रुग्णाच्या पावलाला लावलेला हात हे होते.

आणि परिचारिकेचे उपकरणही तेच. प्राझोसिन पोटातून द्यावयाचे. मुलांना दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम. गोळी साधी हवी. रक्तदाबासाठी बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या येथे उपयोगाच्या नाहीत, आणि त्या फोडून तुकडे देणे तर मुळीच बरोबर नाही. कपाट उघडताना वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचली पाहिजेत ती यासाठी. मूल उलटी करीत असेल तर गोळी पोटात राहिली की बाहेर पडली हे पाहून डॉक्टरला सांगावे लागते. मग दर तीन तासांनी हातपाय चाचपावयाचे. पावले गार आणि ओली असतील तर औषध पुन्हा द्यावे लागते. ती ऊबदार आणि कोरडी झाली, हाताच्या शिरा पुन्हा दिसू लागल्या, की वादळ ओसरले. केवळ रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबून हे कळत नाही.

प्राझोसिनचा एक खोडसाळ गुण आहे. पहिल्या डोसानंतर रुग्ण उठून उभा राहिला, तर रक्तदाब एकदम खाली येऊन तो कोसळू शकतो. आवळलेल्या वाहिन्या सैल झालेल्या, उलट्यांनी आणि घामाने अंगातले पाणी गेलेले, आणि त्यात उभे राहणे. मोठ्या माणसाला निजून राहा म्हणून सांगता येते. मुलाच्या बाबतीत अडचण आईची असते. "सिस्टर, पोर लघवीला म्हणतंय, जरा कडेवर घेऊन जाऊ का?" असे ती हमखास विचारते. "नको बाई, इथंच भांडं देते. त्याला आत्ता उचलायचं नाही, उभंही करायचं नाही," हे उत्तर पहिल्या तीन तासांत कितीही वेळा द्यावे लागले तरी द्यावे. का नाही हेही सांगावे, नाहीतर आपली पाठ वळताच ती त्याला कडेवर घेते, आणि तिचे तरी काय चुकले? तोंडाने घेता येत असेल तर पाणी, सरबत पाजीत राहावे.

याच मुलाला, घाम आणि लाळ पाहून, कोणी ॲट्रोपीन टोचले तर? घाम थांबेल, लाळ थांबेल, पाहणाऱ्याला बरे वाटेल. पण परानुकंपी कासरा तुटल्याने आधीच उधळलेले हृदय आणखी उधळेल, आणि अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा मार्गही बंद होईल. म्हणून विंचवाच्या दंशावर, नाडी फारच मंद होऊन जीव धोक्यात आल्याचा विरळा प्रसंग सोडला, तर ॲट्रोपीन वर्ज्य मानतात.

आता दुसरा रुग्ण. शेतातून आणलेला तरुण मजूर. त्यालाही घाम, त्यालाही लाळ, त्यालाही उलट्या. पण डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, छातीत घरघर, मांड्यांचे स्नायू कातडीखाली फुरफुरत असलेले, कपड्यांना औषधाचा उग्र वास. याला ॲट्रोपीन दिले नाही तर तो वाचणे कठीण. विंचवाच्या रुग्णाची बाहुली बहुधा मोठी असते आणि हातपाय गार असतात. दोघांमधला हा फरक विजेरी आणि हात यांनी एका मिनिटात पाहता येतो.

सेंद्रिय फॉस्फरस वर्गातली कीटकनाशके ॲसिटिलकोलीन मोडून टाकणाऱ्या विकरालाच निकामी करतात. जासूद निरोप देऊन जाण्याऐवजी दारातच उभा राहून ओरडत राहतो. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसांहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, ही घटना पुष्कळांच्या स्मरणात असेल. तेथे निरनिराळ्या औषधांची मिश्रणे फवारली गेली होती, त्यामुळे सगळ्यांना एकच उतारा लागू नव्हता. म्हणून नातेवाइकांना डबा किंवा त्यावरची चिठ्ठी आणावयास सांगणे हे पहिल्या कामांपैकी एक आहे. दुसरे, रुग्णाचे कपडे काढून अंग साबणपाण्याने धुणे, आणि हे करताना स्वतः हातमोजे घालणे. विष कातडीतूनही शिरते आणि ते माणूस ओळखीत नाही.

ॲट्रोपीन ॲसिटिलकोलीनची ग्रहणस्थाने अडविते. ते बेलाडोना या वनस्पतीत सापडते, आणि आपल्याकडच्या महादेवाला वाहण्याच्या धोतऱ्यातही. उपचारात त्याचे प्रमाण ऐकून नवी परिचारिका घाबरते. शस्त्रक्रियेपूर्वी एक ०.६ मिलिग्रॅमची कुपी पुरते, हे तिला ठाऊक असते. येथे प्रौढ रुग्णाला पहिलाच डोस १.८ ते ३ मिलिग्रॅमचा, आणि दर पाच मिनिटांनी, सुधारणा नसेल तर, तो दुप्पट. हिशेब करून पहा. तीनपासून सुरुवात केली तर पाच कुप्या, मग दहा, मग वीस, मग चाळीस. पंधरा मिनिटांत पंचाहत्तर कुप्या फोडाव्या लागू शकतात. बांगलादेशात चितगाव येथे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा झपाट्याने वाढविलेल्या डोसांच्या गटात मृत्यूचे प्रमाण शंभरी आठ होते. जुन्या, ठरावीक डोसांच्या पद्धतीत ते साडेबावीस होते. खरिपात कपाटातल्या कुप्या मोजून ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे. पाळी बदलताना किल्ल्या सोपवितात, तसा हा आकडाही सोपवावा.

थांबावयाचे कोठे, हे पाच खुणांवरून ठरते. छातीतली घरघर गेली पाहिजे, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाबही ८० च्या वर, काख कोरडी, आणि बाहुली टाचणीएवढी राहिलेली नसावी. यांत पहिला मान छातीचा, कारण रुग्ण मरतो तो फुप्फुसांत साठलेल्या पाण्याने. बाहुलीवर फार भिस्त ठेवू नये. ती मागाहून सुधारते, आणि डोळ्यातच औषध उडाले असेल तर पुष्कळ काळ बारीक राहते. एकाच बाजूला खरखर ऐकू येत असेल तर उलटी श्वासनलिकेत गेली असण्याचा संभव असतो, आणि ती ॲट्रोपीनने जाणारी नव्हे. ओलेपणा काखेतच पाहावा, कपाळावर पाहू नये. कपाळ नातेवाईक दर दोन मिनिटांनी पुसत असतात.

खुणा साधल्या की आतापर्यंत लागलेल्या एकूण प्रमाणाचा दहावा ते पाचवा हिस्सा दर तासाला सलाईनमधून चालू ठेवतात. येथून परिचारिकेचे काम उलट्या दिशेने सुरू होते. ॲट्रोपीन जास्त झाले तर? पोटाला नळी लावली तर आतड्यांचा आवाज ऐकू येत नाही. अंग तापते. रुग्ण बडबडतो, चादर चिमटीत धरून ओढतो, नसलेल्या वस्तू हवेत पकडतो. धोतऱ्याचे बी खाल्लेला माणूस ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे चित्र नवे नाही. नातेवाईक म्हणतात, वात झाला, बाहेरचे लागले. गडबडलेली पाळी त्याचे हातपाय बांधते. हे फार वाईट. घाम बंद झालेला माणूस विदर्भातल्या उकाड्यात झटापट करू लागला तर ताप जीवघेणा चढतो. अशा वेळी डॉक्टरला बोलावून सलाईन थांबवून घ्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे, आणि ओटीपोट चाचपून पाहावे. तुंबलेले मूत्राशय हे रुग्णाच्या तडफडीचे नेहमीचे कारण असते, आणि नळी घालताच तो कधी कधी आश्चर्यकारक शांत होतो. खुणा पुन्हा तपासून सलाईन कमी वेगाने परत सुरू करतात. अजिबात बंद ठेवले तर काही तासांत छाती पुन्हा भरते.

प्रॅलिडॉक्सिम या दुसऱ्या औषधाविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. दिले तर सावकाश द्यावयाचे, एवढेच येथे पुरे.

एक गोष्ट मात्र राहिली. ॲट्रोपीन ग्रंथींवर आणि हृदयावर काम करते. इच्छेने हलणाऱ्या स्नायूंपाशीही ॲसिटिलकोलीनच असते, पण तेथली ग्रहणस्थाने निराळी असल्याने ॲट्रोपीनचा तेथे काही इलाज चालत नाही. म्हणून घाम, लाळ, छाती सारे ठीक झालेला, चहा मागणारा रुग्ण पहिल्या दिवसानंतर, साधारण चौथ्या दिवसापर्यंत, हळूहळू दुबळा होत जाऊ शकतो. सर्वांत आधी मान जाते. त्याला उताणे निजवून, "दादा, उशीवरून डोकं उचला बघू," असे दर चार तासांनी म्हणावे. मग एका श्वासात एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजावयास सांगावे, आणि तो कोठपर्यंत पोहोचला तो आकडा वेळेसह तक्त्यावर लिहावा. सकाळी पंचवीसपर्यंत जाणारा संध्याकाळी बारावर थांबला आणि डोके उशीवरच राहिले, तर श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत असे समजून कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असेल तेथे त्याला ताबडतोब हलवावे लागते. त्या वेळी नाडी आणि रक्तदाब अगदी चांगले असले तरीही.